आधी बिघडवा, मग पक्षी येतील

महाराष्ट्रातलं सर्वांत नावाजलेलं पक्षी अभयारण्य कुणी उभारलं? वनखात्यानं नव्हे, गाळानं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजांनी शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला. नद्यांनी आपल्या सवडीनं त्यात माती आणून टाकली. पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, पाणवनस्पती माजली. पाटबंधारेवाल्यांच्या वहीत ही तूट लागली. थापट्या, चक्रवाक, चमचा आणि जांभळी पाणकोंबडी यांना वही वाचता येत नसल्यानं ते आनंदानं राहायला आले. नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्याचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. बंधारा नियोजनाप्रमाणे खोल राहिला असता तर चिखलात चोच खुपसणाऱ्या मंडळींनी तिथं येऊन करायचं काय होतं?

भिगवणचंही तेच. उजनी धरण बांधलं ते सोलापूरच्या शेतीसाठी. रोहित पक्ष्यांची सोय कुणाच्याही अंदाजपत्रकात नव्हती. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, काठचा चिखल उघडा पडतो, ‘धरण मायनसमध्ये’ अशा बातम्या छापून येतात आणि सोलापूरकर आभाळाकडे बघू लागतात. तिकडे पुण्या-मुंबईचे कॅमेरे कुंभारगावच्या होडीत बसून म्हणतात, ‘वा, काय सीझन आहे!’ दोघांचंही खरं आहे. रोहितचे लांब पाय घोटाभर पाण्यासाठी घडलेले आहेत, भरलेल्या धरणासाठी नाहीत. ठाण्याच्या खाडीत तर आपण गावभरचं सांडपाणी सोडलं, त्यावर शेवाळं पोसलं आणि ते खायला रोहित लोटले. आपल्या मोरीचं पाणी कुठल्याही जाहीरनाम्याविना निसर्गाच्या उपयोगी पडलं, असं हे एकच उदाहरण असावं.

याचा अर्थ घाण करा असा नव्हे. (हे लिहून ठेवलेलं बरं, उद्या एखादी नगरपालिका या सदराचं कात्रण न्यायालयात सादर करायची.) गोष्ट एवढीच, की पक्ष्याला काय हवं हे आपल्याला फार उशिरा कळतं आणि सुधारणेचा झटका मात्र फार लवकर येतो.

भरतपूरला जाऊन आलेले लोक तिथल्या शिकारीच्या शिलालेखाबद्दल बोलतात. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळी, एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. पर्यटक हळहळतो, फोटो काढतो. पण हे आकडे दगडावर कोरायची सोय झाली ती तळं महाराजांच्या शिकारीसाठी राखलं होतं म्हणून, हे त्याला आवडत नाही. खरी गंमत पुढची आहे. १९८२ साली या तळ्याचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि आता निसर्ग शुद्ध करायचा म्हणून आतल्या म्हशींना बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्या. मग पाण्यात गवत असं फोफावलं, की बदकांना उतरायला उघडं पाणी मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं अनेक वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की म्हशी होत्या तेच बरं होतं. कुठल्याही गुराख्यानं हे फुकट सांगितलं असतं. पण गुराख्याच्या म्हणण्याला परिशिष्टं नसतात.

आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला उलटा उत्साह झाला. माळढोकासाठी १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. त्यात गावंच्या गावं आली आणि लोकांना जमिनीचे व्यवहार जड झाले. शेवटी क्षेत्र १,२२२ वर उतरलं. शिवाय उघडा माळ दिसला की आपल्याला झाड लावल्याशिवाय चैन पडत नाही. माळढोकाला दूरवर बघता येईल असं मोकळं गवत लागतं; झाडाच्या सावलीत बसायला तो काही सहलीला आलेला नसतो. आता तिथं एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

म्हणून पाणथळीच्या काठी ‘सुशोभीकरण’ असा फलक दिसला की पोटात गोळा येतो. आता काठाला दगडी भिंत येणार, पेव्हर ब्लॉक येणार, रात्री रंगीत दिवे लागणार आणि तळ्याच्या मधोमध फायबरचा बगळा बसणार. खरा बगळा ही तयारी बघून शेजारच्या तालुक्यात जाईल. फायबरच्या बगळ्याचं मात्र बरं असतं: तो स्थलांतर करत नाही, उद्घाटनाला हजर असतो आणि सेल्फीत डोळे मिटत नाही.

तेव्हा या हिवाळ्यात पक्षी बघायला निघालात तर हॉटेलवाल्याला न विचारता होडीवाल्याला विचारा, ‘पाणी किती उतरलंय?’ ‘लई उतरलंय’ म्हणाला तर लगेच निघा. ‘काठ एकदम मस्त करून टाकलाय, साहेब’ म्हणाला तर महाबळेश्वर बघा. चिखलात बूट जातील, वासही येईल. नाक धरायला हरकत नाही. दुर्बिणीला एक हात पुरतो.