रेड्यामुखी बिअर

मला बिअरमधलं कळतं. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकवलेलं आहे की घरात ते नुसतं कानावर पडलं तरी माणसं दुसऱ्या खोलीत जातात. बव्हेरियाच्या ड्यूकने 1516 साली काढलेला हुकूम मला पाठ आहे: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही घालायचं नाही. त्या हुकमात यीस्टचं नाव नाही, कारण यीस्ट काय करतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. हे सांगताना मी असा हसतो, की ड्यूकला मी वेळेवर सावध केलं होतं पण त्यानेच ऐकलं नाही. पिल्सनर 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेनला जन्मली, बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम असतं, बेल्जियमवाले गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल टाकतात. कुठूनही सुरू करा, मी पुढचं म्हणून दाखवतो.

यात माझा काही दोष नाही. मी आळ्याचा. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. चैत्र वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. पाठ म्हणण्याची इतकी पूज्य परंपरा आणखी कुठल्या गावाला असेल तर दाखवा. फरक एवढाच, की रेड्याच्या मस्तकावर माउलींचा हात होता, माझ्या मस्तकावर यूट्यूबचा आहे. (आणि कृपा करून ‘आळे म्हणजे आळेफाटाच ना?’ असं विचारू नका. फाट्यावर मिसळ खाऊन शिर्डीला निघून गेलेल्या माणसाने आळे पाहिलेलं नसतं.)

तर, माझा चुलतभाऊ कोर्टाच्या तारखेला पुण्यात आला होता. तारीख पडली, म्हणजे पुढची पडली. दादाच्या गाई आहेत, टोमॅटो आहे, थोडा कांदा आहे. बिअर घेतो, पण त्यावर बोलत नाही. माझ्या मते हा संस्कारांचा अभाव. म्हणून त्याला मी एका मायक्रोब्रुअरीत नेलं.

पुणे या बाबतीत जुनंजाणतं आहे. 2009 साली इथे ‘डूलाली’ सुरू झाली, ऑलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रूमास्टरच्या हाताखाली. देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये तिचं नाव घेतात. ते नाव देवळालीवरून आलंय हे मी दादाला गाडीतच सांगितलं. देवळाली म्हणजे आपल्या फाट्यावरून सरळ नाशिककडे. म्हणजे एका अर्थी आपल्याच रस्त्यावरची. दादा म्हणाला, “मग दिल्लीपण आपल्याच रस्त्यावर हाय.”

त्या रस्त्याचा विषय निघाला की मला आवरणं कठीण असतं. पुण्यातल्या कुठल्याही बैठकीत कुणी फ्रान्सला जाऊन आल्याचं सांगू लागला, की मी शांतपणे विचारतो, “शॅम्पेन कुठे बनायची माहितीये? नारायणगावला.” हे खोटं नाही. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी तिथे इंडाज काढली, फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकचं तंत्र आणलं, आणि आमच्या पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने खपायची. विचार करा, ज्या गावात पाडव्याच्या आधी तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, जिथून विठाबाई राष्ट्रपतींच्या पुरस्कारापर्यंत गेल्या, त्याच गावात फ्रेंच पद्धतीने बाटल्या भरल्या जात होत्या! शेजारी खोडदला 45 मीटर व्यासाच्या तबकड्या लावून आकाशाचे आवाज ऐकतात. एका तालुक्याने आणखी किती करायचं? मी हे सगळं अशा थाटात सांगतो, की द्राक्षं मी तुडवली आणि तबकड्या मी फिरवल्या. प्रत्यक्षात त्या फसफसणाऱ्या वाइनचा एक थेंबही माझ्या पोटात गेलेला नाही. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, 2009 च्या मंदीत राज्यभरच वाइनचा धंदा बसला आणि कित्येकांनी वाइनच्या द्राक्षांचे वेल मुळासकट उपटले. हा भाग मी बैठकीत गाळतो. फ्रान्सवाल्यासमोर कशाला?

असो. बसलो. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो, हेही दादाला सांगून झालं. मग वेटरने लाकडी फळीवर छोटे छोटे सहा ग्लास आणून ठेवले. दादाने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“औषध हाय का?”

मी हेफेवाइत्सेनचा ग्लास उजेडात धरला. दादाने तो हातातून घेऊन स्वतः उजेडात धरला. “गाळायची राहिलीय.”

गाळायची नसतेच, हीच तर तिची खानदानी ओळख, असं मी सुरू करणार तेवढ्यात त्याने वास घेतला. “केळं. आन् लवंग.”

मी गप्प. हेफेवाइत्सेनमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास हा माझ्या व्याख्यानाचा कळस असतो. केळं नाही, लवंग नाही, सगळी यीस्टची करामत, असं मी आवाज खाली आणून सांगतो आणि ऐकणारे ग्लासात नाक खुपसतात. खरं सांगायचं तर मला स्वतःला त्यात केळं कधीच लागलेलं नाही. मी ते वाचलेलं आहे.

खायला इटालियन नावाचं काहीतरी मागवलं. भाजलेल्या पावाचे चार तुकडे आणि त्यावर बारीक चिरलेला टोमॅटो, 395 रुपये. दादाने एक तुकडा उचलला, बोटाने फोडी बाजूला सारून पाहिल्या. “दीड टोमॅटो आसंल,” तो म्हणाला. मग खाल्ला. “रेट चांगला लागलाय.”

त्यात टोमणा नव्हता. बाजारात दुसऱ्याच्या मालाला भाव मिळाला की म्हणतात, तसं सरळ म्हणाला. मी विचारलं, तुझा कसा गेला या वेळी? वीस किलोच्या क्रेटला साठ रुपये, शेवटचे तोडलेच नाहीत, मजुरी निघत नव्हती. टोमॅटोबद्दल मला एवढंच माहीत होतं, की 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेट 2,000 रुपयांच्या वर गेलं होतं, कारण तेव्हा टीव्हीवाले आले होते. त्या पावसाळ्यात आमचं फोनवर कितीदा बोलणं झालं असेल. प्रत्येक वेळी मी पाऊस विचारला, पोरांचं विचारलं. भाव काही विचारला नाही. विचारून तरी काय केलं असतं म्हणा. पण त्या पावावरचा टोमॅटो मला गेला नाही.

दादा मात्र तोवर उठून काचेपलीकडच्या टाक्यांपाशी पोचला होता. तिथला तरुण ब्रुअर, ज्याने माझ्या जिप्समच्या प्रश्नाला “हं” एवढंच उत्तर दिलं होतं, तो दादाला आत घेऊन गेला. मी मागून. जवाला मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि पासष्ट अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, की पिठूळपणा जाऊन गोडी येते. ते गोड पाणी काढून घेतलं की खाली उरतो ओला भुसा. मागच्या दाराशी त्याचे निळे पिंप भरून ठेवलेले होते. दादाने कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढून पिळला, हुंगला, दाताखाली धरला. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

“ह्याचं काय करता?”

हडपसरकडचा एक गोठेवाला घेऊन जातो, ब्रुअर म्हणाला. मग दोघांची जी जुंपली! ओलावा किती, प्रथिनं किती, गाभण गाईला चालतं का, किती दिवस टिकतं. उन्हाळ्यात जेमतेम दोन दिवस. दादाने मनातल्या मनात डिझेल, टोलनाका आणि गाडीभाडं मांडलं आणि मान हलवली. “चाकणच्या ट्रॅफिकमध्येच आंबंल.”

“मग तिथेच बिअर होईल,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

तरी नमुना म्हणून एक पिशवी त्याने नेलीच. दोन दिवसांनी फोन. गाईंनी गव्हाण चाटून पुसून ठेवली होती. “येताना आणत जा. न्हायतरी तू तिथं नुसता बसतो.”

आता मी गावी निघालो की आधी त्या मागच्या दाराशी जातो. पुढच्या दाराने वर्षानुवर्षं जाऊन जे नाव मला मिळालं नाही ते इथे पहिल्याच खेपेत मिळालं: “ए, भुसावाले काका आले.” काका! डिकीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून देतात, वर ताडपत्री. गाडीत वास आता कायमचाच बसला आहे. बायकोने बसणं सोडलं.

परवा रात्री चाकणला नाकाबंदी होती. हवालदाराने काच खाली घ्यायला लावली आणि डोकं आत घालून तसंच झटक्यात बाहेर काढलं.

“खाली उतरा. किती घेतलीय?”

“चाळीस किलो,” मी म्हणालो.