नको, मला कार्बाइडचेच आवडतात

माझ्या मेहुण्याची देवगडला हापूसची बाग आहे. बाजारात आंब्याला जाहिरात लागत नाही, वासानेच गिऱ्हाईक वळतं. इंटरनेटवरून वास जात नाही, म्हणून यंदा मेहुण्याने विक्रीसाठी लांबलचक वेबपान तयार करवून घेतलं आणि लिंक समस्त नातेवाइकांना धाडली. मजकूर झकास होता. भाताच्या पेंढ्यातली अढी, 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं होतं. फक्त ते वाचता येत नव्हतं.

कारण अक्षरं पांढरी आणि मागे पिवळाधमक आंब्यांचा फोटो. दोन आंब्यांच्या फटीत जेवढा काळोख, तेवढीच वाक्यं दिसायची. 'परत मिळणार नाहीत' एवढं लागलं. पैसे की आंबे, ते एका देठापाशी गडप झालं होतं. डेव्हिड ऑगिल्व्ही हा जाहिरातीतला दादा माणूस. काळ्यावर पांढरी अक्षरं छापू नका, असं त्याने 1983च्या पुस्तकात बजावलं होतं. पिवळ्यावर पांढरी छापणारा कुणी निघेल हे बहुधा त्याच्याही ध्यानीमनी नसावं. त्यातून सगळा मजकूर लग्नपत्रिकेसारखा मधोमध! तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राहिलं होतं.

चार ओळी कशाबशा लावतो तोच स्क्रीनभर चौकट उघडली: 'व्हॉट्सअॅप नंबर द्या, एक आंबा फुकट!' बंद करायची फुली मोबाइलच्या कडेबाहेर. खाली दोन बटणं. मोठं हिरवं, 'हो, पाठवा'. आणि करडं, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'नको, मला कार्बाइडचेच आवडतात'. कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणजे नाही म्हणायचं तर जवळजवळ कबुलीजबाबच द्यायचा!

वर लाल घड्याळ धावत होतं: 'सवलत फक्त 10 मिनिटं!' मी निवांत चहा घेतला. घड्याळ शून्यावर आलं, जरा थबकलं आणि पुन्हा दहापासून धावू लागलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023च्या नोव्हेंबरात अशा 13 क्लृप्त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई आणि गिऱ्हाइकाला लाजवणारी बटणं दोन्ही त्यात आहेत. मेहुण्याला फोनवर हे ऐकवलं.

"भावोजी," तो उत्साहाने म्हणाला, "उरलेल्या 11 पाठवा ना!"

डझनाचा भाव मात्र कुठेच नव्हता. 'भावासाठी फोन करा' म्हणे. तो नंबरही फोटोत छापलेला, कितीही दाबला तरी लागेना. शेवटी हिने तो किराण्याच्या बिलामागे उतरवून घेतला आणि सगळे आकडे लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हा आपल्याच भावाचा नंबर.

ऑनलाइन आंबे विकणाऱ्या मंडळींनो, हात जोडून सांगतो: काळी अक्षरं द्या, पांढऱ्यावर द्या आणि भाव वरच लिहा. पिवळा रंग आम्ही पेटी उघडून बघू.