गटात न बसणारे पद

आमच्या सोसायटीत एकही सर्वसाधारण मूल नाही. ए विंगपासून डी विंगपर्यंत सगळी असामान्य आहेत. असामान्यपणाची पहिली लक्षणं साधारण अडीचाव्या वर्षी दिसतात, म्हणजे मूल आईचा मोबाइल आपला आपण अनलॉक करतं तेव्हा. 'आम्ही काहीच शिकवलं नाही हं!' अशी प्रस्तावना करून ही बातमी लिफ्टमध्ये जाहीर केली जाते. मग नर्सरीत 'टीचर म्हणाल्या, ही काहीतरी वेगळीच आहे' हा टप्पा येतो. टीचर ते कोणत्या सुरात म्हणाल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. पुढे पहिलीत अबॅकस, दुसरीत वैदिक गणित, तिसरीत ऑलिंपियाड अशा पायऱ्या चढत मूल चौथीला, म्हणजे स्कॉलरशिपच्या वर्षाला येऊन पोचतं.

आमची चिऊ यंदा तिसरीत आहे. त्यामुळे घरात सध्या 'पुढच्या वर्षी काय?' हा विषय चालू आहे. पूर्वी हा प्रश्न दहावीच्या घरात विचारत.

तशी स्कॉलरशिपची गंमतच आहे. आमच्या लहानपणी ती चौथीला आणि सातवीला होती. मग 2016-17 पासून पाचवीला आणि आठवीला गेली. आता 2025-26 पासून पुन्हा चौथी-सातवीला आली. मूल नेमकं कोणत्या इयत्तेत हुशार होतं, हे शासनालाही अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगून बघा! त्यांचा नातू पहिलीत असल्यापासून स्कॉलरशिपला बसतोय. म्हणजे खरोखर नाही, घरी. जेवणाच्या टेबलावर, घड्याळ लावून, दर रविवारी. पुण्यातल्या एका दुकानातून त्यांनी गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच आणलाय. त्या पोराला 'क' अक्षर गिरवायच्या आधी पर्याय क्रमांक तीनचा गोल भरता येत होता.

मध्यंतरी एका क्लासवाल्याने आमच्या क्लब हाउसमध्ये 'मोफत प्रज्ञाशोध चाचणी' ठेवली. सहा ते दहा वयोगट, अर्धा तास, सोबत बिस्कीट आणि फ्रूटी. आठवड्याने निकाल लागला आणि सोसायटीतली झाडून सगळी मुलं 'प्रज्ञावान' निघाली. इस्त्रीवाल्याचा मुलगा हौसेने बसला होता, तोही निघाला. प्रत्येकाला रंगीत प्रमाणपत्र मिळालं आणि प्रमाणपत्राला पिन मारून मागे फीचा कागद लावलेला होता. संध्याकाळपासून सगळ्या पालकांना फोन सुरू झाले. 'सर, अशा मुलाकडे आत्ताच लक्ष दिलं नाही, तर बुद्धी वाया जाते.' जणू बुद्धी म्हणजे फ्रिजबाहेर राहिलेलं दूध. इस्त्रीवाल्याला तेवढा फोन आला नाही. त्याच्या मुलाची बुद्धी टिकाऊ असावी.

निदान हा क्लास डोळे उघडे ठेवून शिकवणारा होता. काही वर्षांपूर्वी मेंदूचा मधला भाग जागा करून देतो म्हणणाऱ्या वर्गांची साथ आली होती. तिथे मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचत. पालक टाळ्या वाजवत, हजारो रुपये मोजत. मुलं नाकाशेजारच्या फटीतून वाचतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी जागोजागी दाखवून दिलं. मला विचाराल तर त्या मुलांना मानलं पाहिजे. आईबापांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून सात वर्षांचं पोर फट शोधून काढतं आणि वर गप्प राहतं, याला मी बुद्धिमत्ता म्हणतो.

एवढ्यात न्यू जर्सीहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. आमचा भाचा दुसरीत आहे आणि त्याच्या शाळेत 'गिफ्टेड अँड टॅलेंटेड'ची चाचणी होती. तिकडे हे प्रकरण सरकारी आहे. अशी मुलं ओळखून त्यांची सोय करायची, असा न्यू जर्सी राज्याचा कायदाच आहे. शाळांमध्ये 'कॉगॅट' नावाची परीक्षा घेतात. तिच्यात भाषेचे, आकड्यांचे आणि आकृत्यांचे असे तीन भाग. शाळा पत्र पाठवून कळवते, की या परीक्षेची तयारी करून घेण्याची गरज नाही.

'मग तू काय केलंस?' मी विचारलं.

'काय करणार? सरावाची पुस्तकं मागवली. इथे सगळे देशी मागवतात. सगळ्यांनी मागवली आणि मी एकटी नाही मागवली, तर माझंच पोर साधं ठरेल की रे.'

ताई स्वतः चौथीच्या स्कॉलरशिपला नापास झाली होती आणि आज ती एका औषध कंपनीत चाळीस माणसांची साहेब आहे. हे मी तिला सांगितलं नाही. मोठी बहीण आहे, सात समुद्र ओलांडूनही फटका मारते.

तिच्या शेजारच्या न्यू यॉर्क शहरात तर याहून मजा होती. तिथे चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन गिफ्टेड कोण ते ठरवत. चार वर्षांचं मूल! ज्याला चड्डी मागेपुढे कळत नाही, त्याच्या बुद्धीचा क्रमांक काढायचा. शेवटी 2021 मध्ये ती परीक्षा बंद झाली. मग मेयर म्हणाले, हा सगळा कार्यक्रमच गुंडाळतो. पुढच्या वर्षी नवे मेयर आले, ते म्हणाले, गुंडाळायचा कसला, वाढवतो. आता बालवाडीच्या बाईंनी नाव सुचवायचं आणि जागांपेक्षा नावं जास्त असली की सोडत काढायची. म्हाडाचं घर आणि न्यू यॉर्कमधली प्रज्ञा, दोन्ही आता लॉटरीने मिळतात. खरं सांगायचं तर मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. तिच्यासाठी निदान क्लास काढता येत नाही.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं, तर बिचारे आल्फ्रेड बिने सापडतात. त्यांनी सिमाँ यांच्यासोबत 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धीची पहिली चाचणी तयार केली, ती कशासाठी? तर शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत देता यावी म्हणून. हुशारांची रांग लावायला नव्हे. बिने 1911 मध्ये गेले आणि चाचणी अमेरिकेत लुइस टर्मन यांच्या हाती पडली. टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि यांच्यातून पुढे कोण कोण निघतं, याचा जन्मभर पाठपुरावा केला. त्यांच्यातून प्राध्यापक निघाले, वकील निघाले, डॉक्टर निघाले. नोबेल काही कुणाला मिळालं नाही. ते मिळालं विल्यम शॉक्ली यांना 1956 मध्ये आणि लुइस अल्वारेझ यांना 1968 मध्ये. हे दोघेही लहानपणी टर्मन यांच्याच चाचणीला बसले होते आणि गुण कमी पडले म्हणून यादीत आले नव्हते!

ही गोष्ट मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती शांतपणे म्हणाली, 'म्हणजे त्यांच्या आईनी त्यांना चाचणीला बसवलं तरी होतं ना?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक घेऊन आलो.

पहिला प्रश्न, गटात न बसणारे पद ओळखा: आंबा, फणस, काजू, बटाटा. चिऊने बराच विचार करून काजू सांगितला.

'अगं, बटाटा. तो जमिनीखाली येतो.'

'पण बाकीच्या तिघांची भाजी करतात आजी लोक. काजू नुसता खातात.'

'आंब्याची कुठे भाजी करतात?'

'रायवळाची रस्सा भाजी करते मी,' आतून आईचा आवाज आला. 'आणि ओल्या काजूची उसळही करते. तिला सांग, काजू चुकला.' आई मूळची सावंतवाडीची. तिच्या हिशेबात चारही पदं एकाच गटात होती आणि प्रश्न काढणारा माणूस घाटावरचा होता.

दुसरा प्रश्न रांगेचा. एका रांगेत मधू पुढून सातवा आणि मागून नववा आहे, तर रांगेत एकूण मुलं किती? मी सूत्र समजावलं: सात अधिक नऊ, वजा एक. पंधरा. कारण मधूला दोनदा मोजलं जातं.

'रांग कशाची आहे?' चिऊने विचारलं.

'कशाचीही असेल.'

'तसं नाही. वडापावची असली तर मागचे पुढे घुसतात. मग मधू सातवा राहणार नाही.'

मी म्हटलं, प्रार्थनेची आहे असं समज. त्यावर तिचं म्हणणं, प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात, मग मधू कितवा हे आधीच माहीत असेल, मोजायचं कशाला? बायको दारात उभी राहून ऐकत होती. मुलगी बुद्धिमान आहे की वात्रट, या प्रश्नावर आमचं त्या रात्री एकमत झालं नाही. आईचं मत होतं, की बापावर गेली आहे. ते कोणत्या पर्यायाला धरून होतं, हे मी विचारलं नाही.

तसं बघितलं तर आपल्याला असामान्य मूल नकोच असतं. असामान्य मुलाचा निकाल तेवढा हवा असतो. मिक्सरचे स्क्रू काढून बघणारं, पाहुण्यांना 'तुम्ही परत कधी जाणार?' विचारणारं, बाईंनी शिकवलेल्या रीतीने गणित न करता भलत्याच रीतीने बरोबर उत्तर काढणारं मूल घरात सांभाळायला भारी जड जातं. आपल्याला हवं असतं ते सांगितलेलं झटपट करणारं, नव्वदच्या पुढे मार्क आणणारं आणि पाहुण्यांना खाली वाकून नमस्कार करणारं. त्याला गुणी मूल म्हणतात. त्याची परीक्षा घ्यायला कॉगॅट लागत नाही.

मग असल्या निवडीच नकोत का? असं म्हणायला मी निघालो होतो. पण माझा एक शाळेतला मित्र नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हा गडी शाळा सुटल्यावर पाचवीच्या पोरांना थांबवून नवोदयची तयारी करून घेतो. जास्तीचा पगार नाही, फी नाही, रंगीत प्रमाणपत्र नाही. नवोदय विद्यालयं 1986 च्या सुमाराला सुरू झाली. जिल्ह्याला साधारण एक, सहावीत प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण फुकट, आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांना राखीव. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ऐंशी.

'त्या ऐंशी प्रश्नांनी पोराची हुशारी खरंच कळते का रे?' मी एकदा त्याला विचारलं.

'हुशारी मला कळलेलीच असते,' तो म्हणाला. 'ते ऐंशी प्रश्न पोरीच्या बापाला पटवायला लागतात. नवोदयचं पत्र आलं, की बाप तिला फडावर नेत नाही.'

एका मुलीचा नंबर लागला, तर ती सातेक वर्षं पक्क्या छपराखाली, पुस्तकांजवळ राहते. लागला नाही, तर नोव्हेंबरात कोयता आणि बैलगाडी. इथे परीक्षा म्हणजे खरोखरच दार असतं. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी काढली, तेव्हाही बुद्धिमान मुलं शोधायची ती समाजाच्या कामी यावीत म्हणून, असाच विचार होता. मुलाच्या बुद्धीवर समाजाचा काही हक्क आहे, ही कल्पना आमच्या लिफ्टमध्ये अजून पोचलेली नाही. तिथे बुद्धी फ्लॅट नंबरनिहाय मोजतात.

आमच्या चिऊला दारांचा तुटवडा नाही. घरात पुस्तकं आहेत, मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारी माणसं आहेत, प्रश्नपत्रिकेशी भांडणारी आजी आहे. तिला कुठल्या चाळणीतून वर काढण्याची निकड नाही, कारण ती खाली नाहीच. ती असामान्य असेल तर ते आम्हाला त्रास देऊन देऊन सिद्ध करीलच, आणि नसेल तर माझ्या हिशेबाने फारसं बिघडत नाही. बायकोच्या हिशेबाने थोडं बिघडतं. म्हणून तोडगा असा निघाला: चौथीत स्कॉलरशिपला बसवायचं, क्लास लावायचा नाही. तिला ती कोडी आवडतात हे खरं आहे. जेवताना ती आजीला सांकेतिक भाषेत वरण मागते. आवडतात तोवर सोडवील. निकाल काय लागायचा तो लागो, भिंतीवर काही टांगायचं नाही.

भाचा तिकडे गिफ्टेड ठरला. ताईने पेढे वाटले. आठवड्यातून एक तास त्याला वेगळ्या वर्गात नेतात. तिथे काय करतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'वी बिल्ड ब्रिजेस विथ स्पगेटी.' आईने ते ऐकून घेतलं आणि शेवयांचे पूल बांधायला सरकारी कायदा कशाला हवा, असं विचारलं. मला स्वतःला तो तास उत्तम वाटतो. फक्त तो सगळ्या वर्गाला का देत नाहीत, ते ताईला सांगता आलं नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. क्लब हाउसमधल्या त्या क्लासची आगाऊ फी आमच्याकडून भरून झाली होती आणि ती परत मिळत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं आहे. जागा तशीच रिकामी आहे. इस्त्रीवाल्याचा मुलगा सोमवारपासून तिथे जायला लागेल, क्लासवाल्याशी तसं बोलून झालंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र आम्ही चिऊ जाते असंच सांगितलं आहे. कुणी बोलू नये.