सप्रेम भेट

मराठी कादंबरीकाराचा थोडा वेळ कादंबरी लिहिण्यात जातो. बाकीचा इतरांची पुस्तके वाचण्यात, त्यांवर लिहिण्यात आणि स्वतःचे पुस्तक लोकांच्या गळी उतरवण्यात जातो. हे काम कसे चालते ते पुढील संवादावरून कळते. स्थळ पळसदेव, तालुका इंदापूर. जुने गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी फार उतरले की पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्या उन्हाळ्यात गावात बघे, छायाचित्रकार आणि लेखक वाढतात. पात्रे व ग्रंथालय कल्पित.

प्रथम वाचन. कादंबरीकाराकडे पुस्तके टपालाने, कुरिअरने आणि लग्नाच्या मांडवात हातोहात येतात. पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ असे लिहिलेले असते.

ग्रंथपाल : सर, पिशवी जड दिसतेय. मंदिर बघायला आलात?

कादंबरीकार : धरणग्रस्तांवर कादंबरी लिहिलीय, ती द्यायला आलोय. पिशवीत मात्र दुसऱ्यांची पुस्तकं आहेत. प्रवासात वाचून होतील म्हटलं.

ग्रंथपाल : सगळी वाचता?

कादंबरीकार : मलपृष्ठ वाचतो. मग ऋणनिर्देश.

ग्रंथपाल : तो कशाला?

कादंबरीकार : आपलं नाव आहे का बघायला.

ग्रंथपाल : आणि असलं तर?

कादंबरीकार : मग पुस्तक चांगलं असतं.

ग्रंथपाल : धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे की. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला. आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली.

कादंबरीकार : ती मुद्दाम वाचली नाही. प्रभाव पडतो.

ग्रंथपाल : पडू द्यायचा होता थोडा.

वाचनानंतर परीक्षण. मराठीत ही परंपरा जुनी आणि एके काळी तिखट होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मोठमोठ्यांना सोडले नाही. पुढे ‘ललित’ मासिकात जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची टोपी उडवली. ज्यांची उडाली ते पुढच्या अंकाची वाट पाहत. आजचे परीक्षण पुष्कळ सौम्य आहे. त्यात कथानक सांगून होते, मुखपृष्ठ समर्पक असते आणि शेवटी मुद्रणदोष सापडतात.

ग्रंथपाल : मुद्रणदोषच का सापडतात, सर?

कादंबरीकार : ते लेखकाचे नसतात. कुणाला लागत नाही.

ग्रंथपाल : आणि पुस्तकच वाईट निघालं तर?

कादंबरीकार : ‘लेखकाकडून अपेक्षा वाढल्या आहेत’ असं लिहायचं. दिवाळीत तोच माझ्या कादंबरीवर लिहिणार आहे.

ग्रंथपाल : साटंलोटंच की हे. हुंड्याचा प्रश्न नाही.

कादंबरीकार : तुम्ही परीक्षणं वाचता का?

ग्रंथपाल : वाचतो ना. कोण कुणाशी बोलत नाही ते त्यातनं समजतं.

तिसरा भाग प्रसाराचा, आणि खरा घाम इथेच निघतो. लिखाण एकट्याने होते; प्रकाशन समारंभाला अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक आणि खुर्च्या लागतात. पाहुण्याने पुस्तक वाचलेले असावे अशी अट नाही. वाचलेले असल्यास भाषण लांबते.

ग्रंथपाल : आमच्या शेजारच्या बारामतीत मोरोपंत होऊन गेले. त्यांना बाबूजी नाइकांचा आश्रय होता आणि आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. पंतांना फ्लेक्स लावावा लागला नाही.

कादंबरीकार : मला आश्रय कुणाचा? हॉलचं भाडंसुद्धा मीच भरलं.

ग्रंथपाल : हरिभाऊ आपट्यांचं बघा. १८९० ला ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात हप्त्याहप्त्यानं छापली.

कादंबरीकार : मीही हप्त्यानंच टाकतो. व्हॉट्सॲपवर.

ग्रंथपाल : बघतो की. अंगठा उमटवला की वाचल्यात जमा.

कादंबरीकार : निदान कायद्यानं तरी चार प्रती जातात. १९५४ चा कायदा आहे.

ग्रंथपाल : कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तिघांना. पण त्या प्रकाशकानं फुकट द्यायच्या असतात.

कादंबरीकार : तिथं कुणी वाचतं का?

ग्रंथपाल : कायद्यात तसं कलम नाही.

उरतात ती सार्वजनिक ग्रंथालये. १९६७ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार त्यांना मान्यता मिळते. अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. मराठी कादंबरीचा मोठा आधार हे गिऱ्हाईक आहे, परीक्षण नव्हे. या टप्प्यावर एक वयस्कर सभासद पुस्तक बदलायला येतात.

ग्रंथपाल : मावशी, हे लेखक. धरणावर कादंबरी लिहिलीय.

सभासद : आमच्या धरणावर? आमचं घर व्हतं त्या पाण्यात. इचारलं न्हाई कुणी.

कादंबरीकार : मी गॅझेटिअर पाहिलं, मावशी.

सभासद : त्यात आमची चूल हाय का? (पान उलटून) अक्षर बारीक केलंय. पानं किती?

कादंबरीकार : चारशे बारा.

सभासद : पाणी चढायला एवढा येळ लागला नव्हता. द्या पर, वाचते. चुकलं असंल तिथं खूण करून ठिवते.

कादंबरीकार : पेन्सिलीनं करा हं.

सभासद : पेनानं करीन. पेन्सिल पुसतात लोकं.

ग्रंथपाल प्रतीवर शिक्का मारतो आणि दाखलनोंदीत ती ‘देणगी’ म्हणून चढवतो. अशी प्रत विक्रीच्या हिशेबात धरली जात नाही आणि तिच्यावर लेखकाला मानधनही मिळत नाही. म्हणून वाचकांनी कादंबरी विकत घ्यावी. ते न परवडल्यास गावच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी. तेही न जमल्यास निदान लेखकाकडे भेटप्रत मागू नये.