ड्रिफ्ट लागवडीचे सुधारित तंत्र (परभणी जिल्ह्यासाठी शिफारस)

दरवर्षी 18 मे रोजी, आपल्या स्थापनादिनी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत खरीप मेळावा भरवतं. बियाणं मिळतं, पुस्तिका मिळतात, कोणत्या रानात काय पेरावं ते शास्त्रज्ञ सांगतात. पण जिल्ह्यातली पोरं दार लावून, संगणकासमोर बसून रात्र-रात्र मोटारी आडव्या पळवतात, त्या पिकाबद्दल कुठल्याच पुस्तिकेत ओळ सापडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी खालील शिफारशी. कोरडवाहू आणि बागायती दोन्ही घरांना लागू.

पिकाची ओळख. वळणावर गाडीच्या मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडी आडवी झाली की स्टिअरिंग वळणाच्या उलट बाजूला धरायचं, आणि अ‍ॅक्सिलरेटर न सोडता तशीच आडवी गाडी वळणापार न्यायची, याला ड्रिफ्ट म्हणतात. मूळ वाण जपानी. 1970 च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा शर्यतपटू हे करायचा. त्याचं पाहून केइची त्सुचिया घाटातल्या रस्त्यांवर शिकला आणि पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणवला गेला. 1995 मध्ये ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली. तिचा नायक पहाटे घाटातून टोफू पोचवतो, आणि गाडीतल्या पेल्यातलं पाणी सांडता कामा नये अशी बापाची ताकीद. आपल्याकडे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून पहाटे पाणंदीतून येणारा दूधवाला हेच करत आलाय. त्याच्यावर कोणी चित्रकथा काढली नाही. उलट दूध पातळ आलं म्हणून त्याने बोलणी खाल्ली.

जमीन. या बाबतीत जिल्हा भाग्यवान आहे. आपल्या काळ्या भारी मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पहिल्या दमदार पावसानंतर पाणंदीचा साबण होतो. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल ठासून बसतो, मागचं चाक डावीकडे निघतं, पुढचं उजवीकडे बघतं. अशा वेळी जाणता माणूस काय करतो? ब्रेकला हात लावत नाही. एकदम रेस सोडत नाही. दोन्ही पाय बाहेर काढून, हँडल सैल धरून, समोरच्या बाभळीकडे नजर ठेवून जातो. ज्याने घाबरून ब्रेक दाबला तो शर्टासकट चिखलात बसला. पाय बाहेर काढण्याचा भाग वगळला, तर ड्रिफ्टिंगचा निम्मा अभ्यासक्रम एवढाच आहे. पुण्यातल्या सिमेंटच्या रस्त्यावर वाढलेल्या मुलाला इथपर्यंत यायलाच महिना लागतो.

खेळ निवडताना इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनीचा 2014 सालचा ‘अ‍ॅसेटो कोर्सा’ घ्यावा. जुना असल्यामुळे मध्यम संगणकावरही चालतो, आणि टायरची पकड, वजनाची सरकासरक हे सगळं मन लावून मोजतो. गाडी मागच्या चाकांवर चालणारीच हवी. घरच्या स्विफ्टचा अनुभव इथे कामाचा नाही. तिची पुढची चाकं गाडीला ओढत नेतात. बोलेरो मात्र मागच्या चाकांवर चालते. हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवावं, वडिलांसमोर बोलून दाखवू नये. खेळात बीएमडब्ल्यूची ई-30 किंवा टोयोटाची एई-86 ही कमी ताकदीची वाणं नवशिक्याला मानवतात. हजार हॉर्सपॉवरची गाडी घेणारा नवशिका जागेवर गोल फिरतो आणि खेळालाच नावं ठेवतो. रस्त्याची अवस्था ठरवायची सोय खेळात आहे. त्यात ‘डस्टी’ हा पर्याय दिसतो. आपल्या लोकांनी बाकीचे वाचायचीही गरज नाही.

अवजारांत स्टिअरिंग महत्त्वाचं. ते 900 अंश, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे फिरणारं असावं. मागणी कापसाचे पैसे हातात आल्याच्या संध्याकाळी करावी. सोयाबीनचा भाव पडलेला असताना विषय काढणाऱ्याला या पुस्तिकेचा उपयोग नाही. एमएस-सीआयटीच्या काळात घेतलेलं संगणकाचं टेबल अजून घरात असेल, त्यालाच ते आवळून बसवावं. गाडीआधी टेबलच ड्रिफ्ट होतं, म्हणून मागे ज्वारीचं पोतं लावावं. पेडल शहाबादी फरशीवरून पळतात. ती भिंतीला टेकवावीत. खुर्चीला चाकं असतील तर खुर्ची बदलावी.

आता पेरणी. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, स्टॅबिलिटी शून्यावर, गिअर स्वतःच्या हातात. मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरवर स्टिअरिंग वळवून रेस द्या. मागचं सुटलं की गोल फिरत राहा. तो गोल एकसारखा येईपर्यंत वळणाचं नाव काढू नका. मग इंग्रजी आठाचा आकडा. त्यानंतर वळण: आधी किंचित उलट बाजूला हूल द्यायची, मग झटकन आत, जोडीला हँडब्रेकचा हिसका किंवा क्लचला एक लाथ.

यापुढची पायरी अवघड आहे आणि बहुतेक पोरं इथेच अडतात. गाडी आडवी झाली की स्टिअरिंग सोडायचं. खरोखर सोडायचं. पुढच्या चाकांची बैठक अशी तिरकी असते की गाडी ज्या दिशेला घसरतेय तिकडे ती आपणहून वळतात. खेळातलं स्टिअरिंगही मोटरच्या जोरावर तसंच बोटांमधून फिरत जातं. ते फिरू द्यायचं आणि हवं तिथे हलकेच पकडायचं. ज्या घराण्यांनी तीन पिढ्या बांधाची वीतभर जमीन सोडलेली नाही, कोर्टाच्या तारखा केल्या पण सोडली नाही, त्यांच्या वारसांना हे फार जड जातं. ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरतात आणि गाडी गरगर फिरून कठड्याला जाऊन भिडते.

दुसरी चूक पायाची. घाबरून रेस एकदम सोडली की मागच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला फटका मारते. हा दुसरा फटका पहिल्यापेक्षा जोराचा असतो. रेस कमी-जास्त करावी, पण पाय उचलू नये. नजर बॉनेटवर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. गाडी आडवी असल्यामुळे ती जागा बाजूच्या काचेतून दिसते.

कीड व रोग. नेमकं वळण साधलं की वीज जाते. कूलरच्या घरघरीत इंजिन ऐकू येत नाही. मे महिन्यात कूलर बंद करून सराव करणाऱ्याला शूर म्हणता येईल, शहाणा नाही. स्वयंपाकघरातून “काय करायलास रे कवाचा? भाकर गार व्हायलीय” हा पुकारा आला तर लक्षात ठेवा, ऑनलाइन खेळ थांबवता येत नाही आणि आईलाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांसाठी खास सोय म्हणजे खेळातली नुर्बुर्गरिंग. 1927 साली खुली झालेली, डोंगर-झाडीतून जाणारी, उत्तर फेरी जवळपास 21 किलोमीटरची. तिथे सामान्य चालकांना ड्रिफ्ट करायला मनाई आहे; खेळात कोणी अडवत नाही. तिथलं डांबर पाहून जिंतूर रोडवाल्यांनी उसासे टाकू नयेत, लक्ष विचलित होतं. सर्व्हर मात्र मुंबईचा मिळाला तर बघावं. खऱ्या जर्मनीतल्या सर्व्हरवर समोरची गाडी आपल्याला दिसते तिथे ती नसतेच.

हे सगळं जमलं की टँडम. पुढचा आडवा जातो, मागच्याने त्याच्या दाराला जेमतेम न लागता, त्याच कोनात, त्याच रेषेत जायचं. जोडीला बहुधा हिंजवडीत नोकरी करणारे दाजी मिळतात, कारण चांगलं स्टिअरिंग त्यांच्याकडेच असतं. पुढे त्यांनाच राहू द्यावं. ते हळू गेले तर आपणही हळू जावं. मागून धडक बसलीच तर ताबडतोब “नेट स्लो झालतं दाजी” असं म्हणावं. आणि ते स्वतःच चुकून कठड्यात घुसले, तर आपली गाडीही त्यांच्या शेजारी नेऊन घालावी. ड्रिफ्टिंगच्या नियमात असं काही नाही. पण दिवाळीला बहिणीला माहेरी पाठवणं त्यांच्याच हातात आहे.