साडेतीन लाखांचं गुपित

अ‍ॅशबर्नमध्ये पूर्वी गाई होत्या, आता सर्व्हर आहेत. व्हर्जिनियाच्या लाऊडन काउंटीतलं हे गाव १९८०च्या दशकापर्यंत दूधदुभत्याचं होतं. आज तिथे डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे आणि जिथे गोठे होते तिथे टाऊनहाऊसच्या रांगा आहेत. गेल्या साडेतीन दशकांत इथल्या जमिनीचे भाव बदलले, शेजारी बदलले, किराणा दुकानात कढीपत्ता मिळू लागला. बदलला नाही तो एकच आकडा. ३,५०,००० डॉलर.

व्हर्जिनियात दिवाणी दाव्यात एखाद्याला धडा शिकवण्यासाठी जी दंडात्मक नुकसानभरपाई लावतात, तिची ही कमाल मर्यादा. साधी भरपाई नुकसान भरून काढते: दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार, सोसलेला त्रास. दंडात्मक भरपाई त्याच्या वर, वेगळी. ती चुकीसाठी नसते, मुजोरीसाठी असते. प्रतिवादीने जाणूनबुजून, दुष्टाव्याने किंवा दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करता काही केलं, तर त्याच्यासकट बघणाऱ्यांनाही दहशत बसावी, हा हेतू. १९८८ साली ही दहशत साडेतीन लाखांवर गोठवली गेली. महागाईचा हिशेब लावला तर तेव्हाच्या साडेतीन लाखांना आज नऊ लाखांहून जास्त मोजावे लागतील. पण कायद्याला महागाई झोंबत नाही. आज अ‍ॅशबर्नमध्ये या रकमेत टाऊनहाऊस मागणाऱ्याकडे एजंट दयेने बघेल.

इथवर फक्त कंजूषपणा झाला. खरी गंमत ही मर्यादा घालणाऱ्या कलम ८.०१-३८.१ मध्ये पुढे आहे. या मर्यादेबद्दल ज्युरीला काही सांगायचं नाही, असं कायदाच बजावतो. ज्युरीने जास्त रक्कम ठरवली, तर न्यायाधीशांनी मागाहून ती कापायची. म्हणजे सात थरांची हंडी बांधायची, गोविंदांना चढू द्यायचं आणि दुसऱ्या थरावरच छत आहे हे फक्त आयोजकांनी ठाऊक ठेवायचं. वादीच्या वकिलाला आकडा माहीत, प्रतिवादीच्या वकिलाला माहीत, विमा कंपनीला माहीत, न्यायाधीशांना तर पाठच. अंधारात कोण? ज्यांना निकाल द्यायचा आहे ते.

हा प्रयोग सगळ्या जगाने थेट प्रक्षेपणात पाहिला आहे. अ‍ॅशबर्नच्या शेजारच्याच फेअरफॅक्स काउंटीत २०२२ साली जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचा अब्रुनुकसानीचा खटला चालला. दोघंही हॉलिवूडचे, पण हर्ड यांच्या ज्या लेखावरून वाद झाला तो ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आला होता आणि ते वर्तमानपत्र तेव्हा छापलं जायचं फेअरफॅक्समध्ये, म्हणून भांडण इकडे आलं. सहा आठवडे साक्षी चालल्या. ज्युरीने डेप यांना एक कोटी डॉलर भरपाई आणि वर ५० लाख डॉलर दंडात्मक भरपाई दिली. न्यायाधीशांनी त्या ५० लाखांचे साडेतीन लाख केले. ज्युरीच्या संतापातले ९३ टक्के रद्दीत गेले.

हा तारे-तारकांचा मामला म्हणून सोडून देता येईल. शार्लट्सव्हिलचा तसा सोडता येत नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये तिथे गोऱ्या वंशवर्चस्ववाद्यांनी मशाली घेऊन धुडगूस घातला. दुसऱ्या दिवशी एकाने गर्दीत मोटार घुसवली आणि एका तरुणीचा जीव गेला. जखमी आणि पीडित न्यायालयात गेले. २०२१ मध्ये ज्युरीने दंडात्मक भरपाई म्हणून सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरवले. २०२३च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याचे केले एकूण साडेतीन लाख, सगळ्या वादींना मिळून. मर्यादा दर माणशी धरायची, संपूर्ण दाव्याला एकच नव्हे, हे अपील न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, तेव्हा रक्कम पुन्हा २८ लाखांवर गेली. छळाला सामुदायिक सवलत मिळता मिळता राहिली.

मर्यादेची बाजू घेणारे काही खलनायक नाहीत. अमेरिकन ज्युरीचा हात कधी कधी फारच सैल सुटतो. अलाबामात एका डॉक्टरने घेतलेली बीएमडब्ल्यू विक्रीआधी गुपचूप रंगवलेली निघाली. नुकसान ४,००० डॉलर, ज्युरीने दंड लावला ४० लाख. राज्याच्या न्यायालयाने तो निम्म्यावर आणला, तरी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो घटनाबाह्य वाटला. २००३ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीच्या खटल्यात, दंड आणि भरपाई यांचं प्रमाण सहसा एक आकडी असावं, असंही न्यायालयाने सुचवलं. मॅकडोनल्डच्या कॉफीने भाजलेल्या आजींची गोष्ट तर दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद म्हणून फिरते. त्या विनोदात त्वचारोपण नसतं, आधीच्या सातशेहून जास्त तक्रारी नसतात, आजींनी सुरुवातीला २०,००० डॉलर मागितले तेव्हा कंपनीने ८०० देऊ केले होते हेही नसतं. आणि ज्युरीचे २७ लाख न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणले, हे तर कुणीच पुढे पाठवत नाही. कात्री चालवायला तिथे छुपी मर्यादा लागली नव्हती. न्यायाधीशांनी खटला बघून ती चालवली.

बड्या कंपनीला शिक्षा म्हणजे नेमकं काय, हे अ‍ॅशबर्नने घरात पाहिलं आहे. १,१०० कोटी डॉलरचा हिशेबी घोटाळा करून २००२ मध्ये दिवाळं काढणाऱ्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने नाव बदलून एमसीआय केलं आणि मुख्यालय मिसिसिपीहून अ‍ॅशबर्नला हलवलं. तिच्यावरचा दंड दिवाणीच, पण सरकारच्या रोखे आयोगाचा. कागदावर २२५ कोटी डॉलर, दिवाळखोरीमुळे प्रत्यक्षात ७५ कोटी, त्यातले २५ कोटी नव्या शेअरच्या रूपात. इतक्या स्वस्तात सुटका होऊ नये म्हणून प्रतिस्पर्धी व्हेरायझनने आकाशपाताळ एक केलं. मग २००६ मध्ये व्हेरायझननेच एमसीआय विकत घेतली. नैतिक संतापाचं इतकं फायदेशीर विलीनीकरण क्वचितच होत असेल.

शिवाय करखातं आहेच. धंद्याच्या ओघात भरलेली दंडात्मक भरपाई कंपनीला बहुधा धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. ती ज्याला मिळते, त्याला मात्र तिच्यावर आयकर भरावा लागतो. धडा नक्की कुणी शिकायचा, याचा खुलासा फॉर्ममध्ये नाही.

मायदेशी उलटी तऱ्हा. टाइम्स नाऊने २००८ मध्ये भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायमूर्तींऐवजी काही सेकंद न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. सावंतांनी पुण्यात १०० कोटी रुपयांचा दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयाने पुरते १०० कोटी मंजूर केले. अपील चालवायचं तर २० कोटी भरा आणि ८० कोटींची हमी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने चॅनलला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. महाराष्ट्रात तेव्हाही कमाल मर्यादा होतीच, पण कोर्ट फीवर: तीन लाख रुपये. २०१८ मध्ये ती दहा लाख झाली. मुंबईच्या विधिमंडळाला निदान महागाई दिसली, इतकं तरी कबूल करायला हवं.

व्हर्जिनियाच्या साडेतीन लाखांत घाबरतो तो लहान दुकानदार, एकटा डॉक्टर. ज्या बड्या मुजोरांसाठी ही शिक्षा आहे, त्यांच्या लेखी तो आधीच छापलेला दर आहे, आणि दर ठाऊक असला की मुजोरीचं अंदाजपत्रक करता येतं. व्हर्जिनियाची विधानसभा दर जानेवारीत रिचमंडला भरते, लाऊडनमधून भारतीय वंशाचे प्रतिनिधीही आता तिथे निवडून जातात. फराळाच्या कार्यक्रमाला ते पाहुणे म्हणून आले, की चकली हातात देण्याआधी अ‍ॅशबर्नकरांनी एवढंच विचारावं: आकडा वाढवता येत नसेल, तर निदान तो ज्युरीला सांगणार का?