त्याचं जेवण झालेलं आहे

खंडूच्या दुखण्याचं निदान आमच्या घरात चार जणांनी चार तऱ्हांनी केलं, तेव्हा खंडू स्वतः ओट्याखाली पडलेला कोबीचा देठ खात होता.

झालं होतं एवढंच, की सकाळी उठल्यावर त्याचा मागचा उजवा पाय अवघडायचा. पाच-सहा पावलं लंगडत टाकायची आणि मग लंगडायचं विसरून गेल्यासारखं सरळ चालायला लागायचं. खंडू आमचा लॅब्रॅडोर. रंग पिवळसर, वय वर्षं आठ. चंपाषष्ठीच्या दिवशी घरी आला म्हणून खंडू. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ब्रूनो, सिंबा आणि कोको यांच्यात हा एकटाच असा आहे, ज्याला हाक मारली की आमच्या मजल्यावरचे एक खंडेराव वळून बघतात.

आई म्हणाली, दृष्ट लागली. बायको म्हणाली, कॅल्शियम कमी पडतंय. मुलगी म्हणाली, तो मनातून दुखावला आहे. मी म्हणालो, वात. माझा स्वतःचा गुडघा दुखतो तेव्हापासून मला जगातल्या सगळ्या लंगडण्यांत वात दिसतो.

वयाचा मान म्हणून आईचा उपचार पहिला. तिनं भाकरतुकडा घेतला आणि त्याच्यावरून ओवाळायला सुरुवात केली. या विधीत एक मूलभूत अडचण आहे, ती तोपर्यंत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकायचा असतो आणि तो कुत्र्यानं खायचा असतो, म्हणजे दृष्ट त्याच्याबरोबर जाते. इथे कुत्राच रुग्ण. तिसऱ्या फेऱ्याला तुकडा त्याच्या नाकासमोरून गेला आणि दृष्ट जिथून निघाली होती तिथेच, थोड्या लोण्यासकट, परत गेली. आईनं दुसरा तुकडा आणला. तोही गेला. चौथ्या तुकड्यानंतर आईनं जाहीर केलं की दृष्ट फार जबरदस्त आहे.

मग माझी हळद. तिळाच्या तेलात हळद कालवून मी त्याच्या मागच्या पायाला लेप दिला. खंडूनं निम्मा चाटला आणि उरलेला बदामी रंगाच्या नव्या सोफ्याला पुसला. आठच्या सुमारास बायको ऑफिसातून आली तेव्हा आमचा हॉल सोमवती अमावास्येच्या जेजुरीसारखा दिसत होता. येळकोट म्हणायची हिंमत मात्र मला झाली नाही.

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून होमिओपॅथीची पुस्तकं वाचतात. ते वही घेऊनच आले.

“स्वप्नं कसली पडतात?”

“धावण्याची,” मी म्हणालो. झोपेत त्याचे पाय हलतात.

“झोपतो कोणत्या कुशीवर?”

“पाठीवर. चारही पाय वर.”

“तहान?”

“कमोडचं झाकण उघडं राहिलं की लागते.”

काकांनी हे सगळं गंभीरपणे उतरवून घेतलं आणि साबुदाण्याच्या गोळ्यांची बाटली दिली. चार गोळ्या, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी बाटली टीपॉयवर राहिली आणि खंडूनं महिन्याचा कोर्स एका बैठकीत पूर्ण केला, झाकणासकट. झाकण तिसऱ्या दिवशी सुखरूप मिळालं. गोळ्यांचा परिणाम काहीच झाला नाही, ना चांगला ना वाईट. काका म्हणाले, “बघा, आमच्या औषधाला साइड इफेक्ट नाही.”

मुलीनं तेवढ्यात प्राण्यांशी मनातल्या मनात बोलणाऱ्या एका बाईंना खंडूचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाची फी आगाऊ. बाईंनी कळवलं की मागच्या जन्मी तो सैनिक होता, त्या पायाला तेव्हा जखम झाली होती, आणि घरातल्या एका पुरुषाकडून त्याला अधिक वेळ हवा आहे. घरात पुरुष मी एकटाच. त्यामुळे दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. खर्च वसूल झालेला हा एवढा एकच पर्यायी उपचार.

आमच्या डॉक्टरीणबाई परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. 1886 सालचं कॉलेज ते. “तिथे म्हशीपासून सुरुवात होते,” त्या म्हणतात, “त्यामुळे लॅब्रॅडोर मला नाजूकच वाटतो.” त्यांच्या दवाखान्यात माणसांना स्वतःचं नाव नसतं. मी खंडूचे बाबा, आई खंडूची आजी. आई पहिल्यांदा चिडली होती, पण गेल्या वर्षी कुणी तरी विचारलं, “नातवंडं किती?” तेव्हा ती “दोन” म्हणाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

“ताप आहे हो त्याला, हात लावून बघा,” आईनं सुरुवात केली.

“आजी, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे त्याची तब्येत उत्तम.” एवढं बोलून त्यांनी थर्मामीटर जिथे घालायचं तिथे घातलं. खंडूनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तीत मागच्या जन्मीचा सैनिक मला क्षणभर दिसला. 101.4.

मग दात, हिरड्या, कान, डोळे, छातीवर नळी. पोटाला चाचपणी. पाय एकेक करून वाकवला, ताणला. उजव्या खुब्याला हात गेला तेव्हा खंडूनं मान वळवून बाईंचं मनगट चाटलं. “दुखतंय,” त्या म्हणाल्या. आम्हाला वाटलं होतं लाड करतोय. कानामागे एक गोचीड निघाली, म्हणून रक्त घेतलं. गोचीडतापात प्लेटलेट उतरतात, ते बघायला हवं. शेवटी वजनकाटा. 38.6 किलो.

“बत्तीस हवं,” बाई म्हणाल्या. “काय काय खातो?”

“दोन वेळा तेच, तुम्ही सांगितलेलं,” मी म्हणालो. “बाकी काही नाही.”

“माझा पेशंट खोटं बोलत नाही. त्याला घेऊन येणारे बोलतात. एकेकानं सांगा.”

त्यानंतरच्या दहा मिनिटांत आमच्या कुटुंबाची पोलिसचौकी झाली. आई त्याला सकाळी पहिली पोळी देते, तूप लावून. बायको चहाबरोबर मारीची दोन बिस्किटं. मुलगी चीजची चकती, अभ्यासाला सोबत करतो म्हणून. मी रात्री शेंगदाणे खाताना एक मला, एक त्याला. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होतं की हे पाप आपण एकटेच करतो. बाई पाठकोऱ्या कागदावर बेरीज करत गेल्या आणि आकडा आम्हाला न दाखवता कागद चुरगळून टोपलीत टाकला.

“लॅब्रॅडोरचा एक घोळ असतो,” त्या म्हणाल्या. “केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली सापडलं, साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप वर नीट पोचत नाही.”

“म्हणजे तो खरंच भुकेला असतो!” आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरीणबाईंनी विज्ञानाचा असा शेवट याआधीही पाहिला असावा. त्यांनी विषय बदलला. “औषधं कोणती दिलीत? रागावणार नाही.”

आम्ही सगळं सांगितलं. भाकरतुकडा, हळद, गोळ्या, फोटो. त्या शांतपणे ऐकत होत्या. होमिओपॅथीच्या ओव्हरडोसला त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, बस. मग बायको सहज म्हणाली, “काल यांची अंगदुखीची गोळी अर्धी देणार होते, पण सापडली नाही.” बाईंनी पेन खाली ठेवलं.

“नशीब,” त्या म्हणाल्या. आपल्याला चालणारं आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात जखमा करतं, मूत्रपिंडं बिघडवतं. पॅरासिटामॉलही मनानं द्यायचं नाही. गोचिडीवर लसूण द्या असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकायचं नाही. लसूण-कांद्यानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि द्राक्षं, बेदाणे अजिबात नाहीत, काहींची किडनी थोडक्यातही जाते.

आईचा चेहरा उतरला. श्रावणात सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. बेदाणे मोजून नव्हते, पण बेदाणे होते. तेव्हापासून आमच्या घरच्या शिऱ्यात फक्त काजू असतात. कुत्र्यासाठी देवाच्या प्रसादात फेरफार झाल्याची ही आमच्या कुळातली पहिली नोंद.

मी जरा आयुर्वेदाची बाजू मांडून पाहिली. शालिहोत्रानं घोड्यांचं वैद्यक सांगितलं, पालकाप्यानं हत्तींचं, मग कुत्र्यांचंही कुठे तरी असेलच ना? हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. राजांनी खर्च केला तो घोड्या-हत्तींवर. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात कुत्र्यांनाही जागा दिली, पण ती विनोदांच्या विभागात. विनोद म्हणजे राजाची करमणूक. आमच्याकडे पाहून बाईंना सोमेश्वराचं बरोबर वाटलं असावं.

“पण डॉक्टर, गोळ्यांनंतर पाय सुधारला आहे,” मी शेवटचं शस्त्र काढलं. “दोन दिवस लंगडला नाही. आणि त्याला काय कळतंय औषध कसलं ते? मनाचे खेळ कुत्र्यात कसे होतील?”

“त्याच्या मनाचे नाही, तुमच्या. अमेरिकेत 2012 साली एक अभ्यास छापून आला. सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांना खोटं औषध दिलं आणि प्रत्येक पावलाचा जमिनीवरचा दाब यंत्रानं मोजला. यंत्रात फरक नाही, तरी मालक म्हणाले, बरा चालतो. गंमत म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. हे दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं. तुम्ही गोळी देता जास्त असेल त्या दिवशी.” मग काट्याकडे बोट दाखवून, “म्हणून मी माझ्याही डोळ्यांवर विसंबत नाही. त्याच्यावर विसंबते.”

म्हणजे गोळ्या खंडूनं खाल्ल्या आणि गुण मला आला. गुडघ्याला आला असता तर बरं झालं असतं.

एक्स-रेत खुब्याच्या सांध्याची थोडी झीज निघाली. रक्त ठीक निघालं. बाईंनी कुत्र्यांसाठीचं दुखण्यावरचं औषध लिहून दिलं, मोजके दिवस. सुया टोचणारे आहेत, पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवणारेही आहेत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पाण्यात वजन हलकं होतं, सांध्यावर भार न येता स्नायूंना काम मिळतं. परवडत असेल तर तेही करा. “पण सगळ्यात स्वस्त पर्यायी उपचार सांगू? वाटीत कमी घाला.” शिवाय नखं कापा, गुळगुळीत फरश्यांवर सतरंज्या टाका, बिस्किटाऐवजी काकडी द्या. फिरणं रोज, थोडं थोडं, दोनदा.

आम्ही फ्रिजवर तक्ता लावला. पोळी बंद, चीज बंद, शेंगदाणे बंद. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्यावर घर लग्नघरासारखं दिसायला लागलं. खंडूनं काकडी पहिल्यांदा हुंगून माझ्या चपलेत ठेवली, पुढे खायला लागला. सहा आठवड्यांनी आम्ही चौघंही ताठ मानेनं काट्यापाशी गेलो.

38.9.

चौकशी बसली. घरातले चौघंही या वेळी निर्दोष निघाले, आईसुद्धा. संध्याकाळी मी गुपचूप त्याच्या मागे गेलो. फाटकाशी वॉचमनच्या डब्यातली अर्धी भाकरी. इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली पाव. होमिओपॅथीवाले काका, बागेतल्या बाकावर, खिशातून बुंदीचा लाडू. वडापावच्या गाडीपाशी तर खंडूनं बसायची जागा ठरवलेली, आणि गाडीवाला त्याला नावानं ओळखतो. प्रत्येक थांब्यावर तो पाय जरासा लंगडत टाकायचा. पुढच्या थांब्यापर्यंत ठणठणीत.

तेव्हा कोथरूडच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना हात जोडून विनंती. एक पिवळसर लॅब्रॅडोर आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा चेहरा करून तुमच्यासमोर येऊन बसला, तर त्याच्याशी बोला, पाठीवरून हात फिरवा, हवं तर भाकरतुकडा न घेता दृष्ट काढा. खायला मात्र काही देऊ नका. त्याचं जेवण झालेलं आहे.